सवडीने वाचणाऱ्यासाठी हेरकथांच्या मालिका आणि सुपरहिरोंची कॉमिक्स

हेरकथांची एखादी मालिका किंवा सुपरहिरोंची कॉमिक्स वाचायला घ्यावीत असे पुष्कळांना वाटते, आणि पुस्तकांची यादी समोर आली की त्यांतील बहुतेकांचा उत्साह तेथेच मावळतो. शेरलॉक होम्सच्या 4 कादंबऱ्या आणि 56 लघुकथा आहेत. हर्क्युल पॉयरोच्या नुसत्या कादंबऱ्याच 33 आहेत आणि पॅरिसच्या पोलीस दलातील मेग्रेच्या 75. सुपरमॅन 1938 पासून आणि बॅटमॅन 1939 पासून छापला जात आहे, आणि दोघांचेही नवे अंक अजून निघत आहेत. नोकरी, प्रवास आणि घरकाम यांतून उरलेल्या वेळात वाचणाऱ्याने हे सारे पुरे करण्याच्या फंदात पडू नये. पुस्तक हाती घेण्यापूर्वी त्याने एवढेच पाहावे की ही गोष्ट कोठे संपते. हेरकथेत शेवट बहुधा त्याच पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात मिळतो. कॉमिक्समध्ये तो कोठे आहे हे आधी हुडकावे लागते. या दोन प्रकारांच्या वाचनाची रीत वेगळी आहे ती मुख्यतः या एका फरकामुळे.

मालिका कोठून धरावी

होम्सपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, मात्र त्याच्या पहिल्या पुस्तकापासून नव्हे. 1887 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीत होम्स आणि डॉ. वॉटसन यांची पहिली भेट आहे खरी, पण तिच्या उत्तरार्धातील कितीतरी प्रकरणे अमेरिकेतील युटाच्या ओसाड प्रदेशात घडतात आणि तेथे होम्स औषधालाही सापडत नाही. नवखा वाचक नेमका याच ठिकाणी पुस्तक बाजूला ठेवतो. त्यापेक्षा जुलै 1891 पासून लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात येऊ लागलेल्या लघुकथा घ्याव्यात. त्यांतील पहिल्या 12 कथांचा 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' हा संग्रह आहे. त्यातील प्रत्येक कथा एका बैठकीत संपते आणि 'द रेड-हेडेड लीग' किंवा 'द स्पेकल्ड बँड' यांपैकी कोणतीही आधी वाचली तरी काही बिघडत नाही. क्रम सांभाळायचा तो एकाच ठिकाणी: 1893 ची 'द फायनल प्रॉब्लेम' ही कथा 1903 च्या 'द एम्प्टी हाउस'च्या आधी वाचावी. आर्थर कॉनन डॉइल यांचे निधन 1930 साली झाले आणि भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, त्यामुळे या मूळ इंग्रजी कथा महाजालावर विनामूल्य आणि कायदेशीररीत्या वाचता येतात. मराठीतून वाचायच्या असल्यास भालबा केळकर यांनी केलेली रूपांतरे जुन्या वाचनालयांत शोधावीत.

अगाथा ख्रिस्ती यांच्या पॉयरोबाबत सर्वसाधारण समजूत अशी की कोणतेही पुस्तक कोठूनही उचलावे. ती बहुतांशी बरोबर आहे, पण तिला दोन अपवाद आहेत आणि ते ठाऊक नसले तर नुकसान मोठे होते. 1937 च्या 'डम्ब विटनेस' या कादंबरीत पॉयरो बोलण्याच्या ओघात आपल्या आधीच्या चार प्रकरणांतील खुन्यांची नावे घेऊन मोकळा होतो. ती प्रकरणे म्हणजे 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड', 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स'. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चे उत्तर सूचित होते. म्हणून 1926 चे 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' आणि 1934 चे 'ओरिएंट एक्स्प्रेस' ही दोन पुस्तके, कोणी त्यांचा शेवट सांगून टाकण्याआधी, लवकर वाचून घ्यावीत. हे दोन शेवट हेरकथेच्या इतिहासात इतके गाजलेले आहेत की चारचौघांत ते कोणाच्याही तोंडून निसटतात.

'कर्टन' हे पुस्तक मात्र अगदी अखेरीस ठेवावे. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून बाजूला ठेवले होते आणि 1975 साली प्रसिद्ध झाले. त्यात पॉयरो पुन्हा स्टाइल्स येथे, म्हणजे जेथे त्याची पहिली कादंबरी घडली त्याच घरात येतो. पहिले पुस्तक वाचलेले नसेल तर या परतण्याला काहीच वजन राहत नाही. पॉयरोची आठ-दहा पुस्तके वाचून झाली, त्याच्या मिशांचा आणि नीटनेटकेपणाच्या हव्यासाचा थोडा कंटाळाही येऊ लागला, की 'कर्टन'ची वेळ आली असे समजावे.

इतर मालिकांसाठी एक साधी कसोटी वापरता येते: नायकाचे वय वाढते का? पॉयरो 1920 च्या पहिल्या पुस्तकातच निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी आहे आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो काम करीतच राहतो. काळ त्याला फारसा शिवत नाही, म्हणून क्रमालाही फार महत्त्व उरत नाही. याउलट स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरातील इन्स्पेक्टर रीबस, ज्याची मालिका इयन रँकिन यांनी 1987 साली सुरू केली, तो वाचकांबरोबर म्हातारा होतो आणि 2007 च्या कादंबरीत सेवानिवृत्तही होतो. स्वीडनमधील माय शेवाल आणि पेर वालू या लेखक-जोडीने 1965 ते 1975 या काळात मार्टिन बेकच्या 10 कादंबऱ्या एकाच मोठ्या कथेचे भाग म्हणून आखल्या होत्या. अशा मालिका पहिल्या पुस्तकापासून ओळीने वाचाव्यात आणि तेवढी सवड नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. मधलेच पुस्तक उचलले तर खुनाचा उलगडा होतो, पण माणसे अनोळखी राहतात.

बंगालीतील दोन मालिका या कसोटीवर दोन बाजूंना पडतात. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी कथांच्या ओघात प्रेमात पडतो, संसाराला लागतो आणि प्रौढ होतो, म्हणून तेथे क्रमाला अर्थ आहे. मात्र तो क्रम लेखनाचा नव्हे. लेखकाने आधी दोन कथा लिहिल्या आणि त्यानंतर 'सत्यान्वेषी' लिहिली, तरी ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांची ओळख याच कथेत होत असल्याने सुरुवात तिच्यापासून करावी. सत्यजित राय यांचा फेलूदा 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात अवतरला. त्याचे वय जवळजवळ वाढतच नाही, बदलते ती जागा. एक कथा वेरूळच्या लेण्यांत प्राचीन मूर्तींच्या चोरीभोवती फिरते आणि दुसरी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शिरते. फेलूदाच्या कथा मराठीत उपलब्ध आहेत आणि घरातल्या शाळकरी मुलांबरोबर मोठ्याने वाचण्यासाठी त्यांच्याइतक्या सोयीच्या हेरकथा थोड्याच असतील.

रहस्य वाचताना

प्रत्येक हेरकथा वाचकाला कोडे घालतेच असे नाही, आणि ज्या पुस्तकाने कोडे घातलेले नाही त्यात ते शोधत बसणे हे निराशेचे एक मोठे कारण आहे. होम्स पुष्कळदा एखादी वस्तू उचलतो, खिशात टाकतो आणि ती काय होती हे शेवटी सांगतो. तेथे वाचकाने स्पर्धा करू नये, त्याच्या तर्काची चाल आणि लंडनचे धुके अनुभवावे. ख्रिस्ती यांचे तसे नाही. रोनल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने 1929 साली हेरकथेचे दहा नियम मांडले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हेरकथालेखकांचा 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला, त्या काळातील लेखक धागेदोरे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवणे हा सचोटीचा भाग मानत. ही पुस्तके सामना खेळल्यासारखी वाचता येतात. जॉर्ज सिमेनॉ यांचा मेग्रे तिसऱ्याच जातीचा आहे. तेथे गुन्हेगार कोण हे कधी अर्ध्या पुस्तकातच कळते आणि उरलेले पुस्तक त्या माणसावर ही वेळ का आली याचा शोध घेते. मेग्रेच्या कादंबऱ्या आकाराने लहान असतात, त्यामुळे पुणे-मुंबई रेल्वेच्या जाण्यायेण्यात एक सहज संपते.

ख्रिस्ती यांच्या जातीचे पुस्तक घेतल्यास ते रोज झोपताना चार पाने या गतीने वाचू नये. पाचव्या प्रकरणातील घड्याळाची वेळ विसाव्या प्रकरणात उपयोगी पडणार असते आणि महिनाभर रेंगाळलेल्या वाचनात ती हमखास विसरली जाते. एखाद्या शनिवार-रविवारसाठी पुस्तक राखून ठेवावे. एका कागदावर पात्रांची नावे, त्यांचे परस्परांशी नाते आणि गुन्ह्याच्या वेळी कोण कोठे असल्याचे सांगतो एवढे टिपावे. इंग्रजी नावे सरावाची नसलेल्या वाचकाला याचा फार आधार होतो. पुस्तकात घराचा किंवा रेल्वेच्या डब्याचा नकाशा दिलेला असेल तर तो शोभेसाठी नसतो. आणि जेव्हा गुप्तहेर सर्वांना दिवाणखान्यात जमवतो, तेव्हा पुस्तक मिटून आपला संशय कोणावर आहे ते कागदावर लिहावे आणि मगच पुढे जावे. अंदाज चुकला तरी मागे जाऊन लेखकाने आपल्याला कोठे फसवले ते पाहण्यात जी मजा आहे, ती बरोबर आलेल्या अंदाजात नसते. नव्या आवृत्त्यांना जोडलेल्या प्रस्तावना शेवटी वाचाव्यात, कारण विद्वान प्रस्तावनाकाराला रहस्य राखण्याची गरज वाटतेच असे नाही. ज्ञानकोशांच्या पानांवर तर कथानक अथपासून इतिपर्यंत दिलेले असते.

मराठीतील बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथा या पद्धतीने वाचू नयेत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची ताकद गतीत आणि पात्रांच्या रुबाबात आहे. धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या घराण्यातली वाटते, तर झुंजार आणि काळा पहाड यांचे वागणे हेरापेक्षा मुखवटाधारी वीराच्या जवळचे आहे. मराठी वाचकाला सुपरहिरो परके वाटण्याचे कारण नाही, ते असे.

अंकाचा आकडा फसवतो

हेरकथा आणि सुपरहिरो यांचे नाते कागदोपत्रीही आहे. 1937 साली सुरू झालेल्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या मासिकाच्या 27 व्या अंकात, 1939 साली, बिल फिंगर आणि बॉब केन यांचा बॅटमॅन प्रथम आला, आणि डीसी या प्रकाशनसंस्थेचे नाव याच मासिकाच्या आद्याक्षरांवरून पडले. म्हणून हेरकथा आवडणाऱ्याने कॉमिक्सची सुरुवात बॅटमॅनपासून करावी.

पण कोणत्या अंकापासून? येथे आकड्यांवर विसंबता येत नाही. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चे क्रमांक 2011 साली पुन्हा 1 पासून सुरू झाले, 2016 साली जुन्या मोजणीप्रमाणे 934 वर आले आणि 2019 साली त्याचा 1000 वा अंक निघाला. मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला अंक 1963 चा. त्यानंतर 1999, 2014, 2015, 2018 आणि 2022 साली तो पुन्हापुन्हा 'पहिला' निघाला आहे. दुकानात दिसलेला पहिला क्रमांक म्हणजे गोष्टीचा आरंभ असे मानणाऱ्या वाचकाची त्यामुळे निराशा होते. उलट बॅटमॅनच्या उगमाची सर्वांत सुबक कथा, फ्रँक मिलर आणि डेव्हिड माझुकेली यांची 'इयर वन', 1987 साली 'बॅटमॅन' मासिकाच्या 404 ते 407 या अंकांत आली.

तेव्हा पात्राचा किंवा अंकाच्या आकड्याचा माग न काढता लेखक आणि चित्रकार यांच्या जोडीचा माग काढावा. एका जोडीने एका मासिकावर सलग केलेल्या कामाला वाचक 'रन' म्हणतात. कॉमिक्समधील पात्राला शेवट नसतो, पण रनला असतो, आणि सवडीच्या वाचकाने त्यालाच पुस्तक समजावे. महिन्याला साधारण 20-22 पानांचा एक अंक निघतो आणि असे पाच-सहा अंक एकत्र करून खंड छापला जातो. खंडाच्या सुरुवातीच्या पानावर त्यात कोणते अंक आहेत ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. विकत घेण्यापूर्वी ते वाचावे आणि कथा त्याच खंडात पुरी होते की पुढे जाते याची खात्री करून घ्यावी.

'इयर वन'नंतर जेफ लोब आणि टिम सेल यांचा 'द लाँग हॅलोवीन' घ्यावा. 1996-97 मधील या 13 अंकांत एक अज्ञात खुनी महिन्यामागून महिना सणासुदीच्या दिवशीच खून करतो, आणि तो कोण हे ओळखण्याचा खेळ ख्रिस्ती यांच्या पुस्तकाप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन खेळता येतो. त्याच्या उत्तराबद्दल वाचक अजून वाद घालतात, हे मात्र आधीच सांगितलेले बरे. मार्व्हलच्या बाजूने मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांचा 2012 साली सुरू झालेला 'हॉकआय' हा 22 अंकांचा रन आहे. त्याचा 11 वा अंक संपूर्णपणे एका कुत्र्याच्या दृष्टीने सांगितला आहे. इमारतीत झालेल्या खुनाचा तपास तो वासावरून करतो आणि माणसांच्या बोलण्यातले त्याला ओळखीचे तेवढेच शब्द पानावर उमटतात. सुपरमॅन कंटाळवाणा आहे असे ज्यांचे मत असेल त्यांनी ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचे 'ऑल-स्टार सुपरमॅन'चे 12 अंक वाचून मग बोलावे. 1986-87 चे 'वॉचमेन' श्रेष्ठ आहे यात शंका नाही, पण ते पहिले वाचू नये. ते सुपरहिरोंच्या साऱ्या संकेतांशी वाद घालते, आणि ज्याला ते संकेतच ठाऊक नाहीत त्याला तो वाद एकतर्फी ऐकू येतो.

प्रकाशनसंस्था अधूनमधून सर्व पात्रांना एकत्र आणणारे महाप्रसंग रचतात. त्यांत एक मुख्य मालिका असते आणि तिच्याभोवती इतर मासिकांतील डझनावारी अंक जोडलेले असतात. मार्व्हलच्या 2006-07 मधील 'सिव्हिल वॉर'चे मुख्य अंक केवळ 7 आहेत आणि तेवढ्यावर कथा समजते. बाकीचे आपल्या आवडत्या पात्राचे असतील तरच पाहावेत. मध्येच कोणी अनोळखी पात्र येऊन जुन्या घटनेचा उल्लेख करील, तर तो कळला नाही म्हणून थांबू नये. बहुतेक वेळा पुढच्या दोन पानांत त्याचा खुलासा होतो आणि झाला नाही तर त्याची गरज नव्हती. पात्रांच्या मृत्यूचेही फार मनावर घेऊ नये. 1992 साली सुपरमॅन मेला तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि वर्षभरात तो परतला. ही खोड कॉमिक्सनेच काढली असे नाही. होम्सला कड्यावरून ढकलल्यानंतर डॉइल यांनाही दहा वर्षांनी त्याला परत आणावे लागले होते.

चित्रे वाचावीत

सराईत पुस्तकवाचकाची एक सवय कॉमिक्समध्ये आड येते: तो केवळ फुग्यांतील मजकूर वाचत भराभर पाने उलटतो आणि अर्ध्या तासात खंड संपवून यात काही नव्हते म्हणतो. कथेचा मोठा भाग चित्रात असतो. 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या पहिल्या पानावर सुपरमॅनचा सगळा जन्मवृत्तान्त 4 चौकटींत आणि इंग्रजीतील 8 शब्दांत आटोपला आहे. उरलेले सर्व चित्र सांगते. 'इयर वन'मध्ये ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, आणि पोलीस अधिकारी गॉर्डन हे दोघे आळीपाळीने निवेदन करतात आणि दोघांच्या मजकुराचे अक्षर वेगळे आहे, शिवाय प्रसंगांवर तारखा आहेत. त्या तारखांकडे लक्ष दिले की वर्षाच्या आरंभी एकमेकांना अनोळखी असलेली ही दोन माणसे कशी जवळ येत जातात ते दिसते. पान उलटल्यावर आधी संपूर्ण पानावर एकदा नजर टाकावी, मग डावीकडून उजवीकडे चौकटी वाचाव्यात. चौकटी लहान आणि दाट झाल्या की घाई किंवा घुसमट आहे, एकच चित्र पानभर पसरले की तेथे थांबणे अपेक्षित आहे.

याच कारणाने मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचणे मला मान्य नाही. चित्रकाराने पान रचलेले असते, चौकट नव्हे. टॅबलेटवर पूर्ण पान दिसते, आणि छापील खंड महाग वाटत असतील तर तो मार्ग चांगला आहे. मार्व्हलची वर्गणी घेऊन वाचण्याची अधिकृत सोय आहे. तेथे नवे अंक सुमारे तीन महिने उशिरा येतात, पण ज्याला 1987 चे अंक वाचायचे आहेत त्याला त्याचे काय!

पन्नाशीच्या पुढच्या मराठी वाचकांना हे सारे थोडे गुंतागुंतीचे वाटेल, कारण त्यांना कॉमिक्सची ओळख वेगळ्या घडणीतून झाली. टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने मार्च 1964 मध्ये सुरू केलेली आणि 1990 पर्यंत चाललेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत, आणि त्यांतील वेताळाची, म्हणजे इंग्रजीतील फँटमची, गोष्ट साधारणतः त्याच अंकात पुरी होई. वर्तमानपत्रातील दैनिक चित्रपट्ट्या जोडून ते अंक तयार होत, त्यामुळे कोणताही अंक रद्दीवाल्याकडून आणला तरी चाले. तोच अनुभव आज हवा असेल तर हिंदीतील राज कॉमिक्स पाहावीत. अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव कोणत्याही अद्भुत शक्तीविना, शाळेत शिकलेल्या विज्ञानाच्या बळावर संकटातून सुटतो आणि म्हणून हेरकथेच्या वाचकाला तो लवकर आवडतो. कुत्र्याचा मुखवटा घालणारा डोगा तर मुंबईतच राहतो. त्यांतील काही कथा दोन-तीन अंकांत विभागलेल्या असतात, आणि पुढील भागाचे नाव बहुधा शेवटच्या पानावर दिलेले असते. जुन्या बाजारात अंक घेताना आधी ते शेवटचे पान उघडून पाहावे आणि पुढचा भाग त्याच ढिगात आहे का, हे विक्रेत्याला विचारावे.